अढीतला लॅपटॉप

सोमवार, २८ एप्रिल. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझे धाकटे दीर भास्करभाऊजी दारात उभे राहिले. काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीला पिकल्या हापूसचा असा घमघमाट येत होता की मी नमस्कार-चमत्काराच्या आधी पिशवीकडेच हात नेला.

"यंदा पेटी नाही वाटतं? पिशवीवरच भागवलंत?"

भाऊजी हसले नाहीत. आत येऊन त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, मालूताई कुठंय? मी मेलो."

मालूताई म्हणजे माझी नणंद मालिनी. मी त्यांना वन्सं म्हणते. वय बहात्तर. माझे यजमान गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आम्ही दोघी मारुती मंदिराजवळच्या या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहतो. मी आमटीभात बघते. त्या इमारतीतले लॅपटॉप बघतात.

त्या मोरीतून हात पुसत आल्या आणि त्यांनी टेबलावर वाकून आधी वास घेतला.

"भास्कर, हा तू कुठे ठेवला होतास?"

"अढीत."

"कशात?"

"अढीत गं. आंब्याच्या. मी आठ दिवस मुंबईला लग्नाला जाणार, घरात कोणी नाही. चोर कपाट बघेल, पलंगाखाली बघेल. अढीत कोण हात घालणार? खाली गवत, मग लॅपटॉप, वर गवत, त्याच्यावर चार डझन आंबे."

"बंद करून ठेवलास ना?"

"हो तर. झाकण लावलं."

वन्संनी डोळे मिटले. "झाकण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे मी तुला गणपतीत सांगितलं होतं. पूर्ण बंद कर म्हटलं होतं."

"पूर्ण बंद केला की उघडायला फार वेळ लावतो. सहा वर्षांत मी एकदाही पूर्ण बंद केलेला नाही," भाऊजी जरा अभिमानानेच म्हणाले.

झालं होतं ते असं. गवताच्या आत, पिकणाऱ्या आंब्यांच्या उबेत, लॅपटॉप झाकणाखाली जागाच होता. त्याने आपण होऊन नवं अपडेट घ्यायला सुरुवात केली होती. ते अर्धं झालं आणि उष्म्याने त्याचा जीव गेला. आता बटण दाबलं की काळ्या पडद्यावर ठिपक्यांचं एक कडं फिरायचं आणि फिरतच राहायचं. घड्याळ लावून बघितलं. सतरा मिनिटं फिरलं, मग आपोआप विझलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"आंबे कसे पिकले?" मी विचारलं.

"आंबे सुरेख पिकले," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

ते रडवेले का झाले हे सांगायला हवं. भाऊजी अजून गावी राहतात, नाटे गावाच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला. हापूसची शंभरेक कलमं आहेत, पण त्यांचा जीव रायवळांवर. रायवळ म्हणजे कुणी न लावलेली, टाकलेल्या बाठ्यातून आपोआप वर आलेली आंब्याची झाडं. प्रत्येकाची चव निराळी, प्रत्येकाला गावाने ठेवलेलं नाव. शेपवा खाल्ला की शेपूच्या भाजीचा वास येतो. रडक्याचा चीक थांबत नाही. मास्तर नावाचा एक आहे, तो बरोब्बर शाळा सुटायच्या वेळी डोक्यात पडतो. सहा वर्षं भाऊजी ही झाडं हिंडून नोंदवत होते. झाडाचं नाव, जागा, घेर, चव. आणि आता गावचा रस्ता रुंद व्हायचा होता. सरपंचांनी सांगितलं होतं, १ मेच्या ग्रामसभेत यादी वाचा. यादीतलं झाड तोडायचं नाही, रस्ता तेवढा वळवायचा, असा ठराव करू. यादीत नसेल त्या झाडाचं मात्र मला काही सांगू नका.

यादी लॅपटॉपात होती. १ मे गुरुवारी होता.

"वहीत का नाही लिहिलंत हो?" मी विचारलं.

"तुमच्यामुळेच, वहिनी. तुमच्या तीन वर्षांच्या डायऱ्यांना वाळवी लागली तेव्हा तुम्हीच म्हणालात, कागदाचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी मी हा घेतला."

हे खरं होतं. माझ्या डायरीतही आहे.

वन्संनी कमरेला पदर खोचला. "हा लायटनिंग आहे," त्या म्हणाल्या.

हे कळायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. एकोणिसाव्या वर्षी वन्सं रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे. ऑर्डिनरी कॉल चार-पाच तासांनी लागे, अर्जंट त्याच्या आधी, आणि लायटनिंग म्हणजे बाकी सगळं बाजूला. शिवाय पीपी असे. म्हणजे नुसता नंबर नव्हे, अमुक माणूसच फोनवर पाहिजे. मग त्या माणसाला वाडीतून, बागेतून, कधी होडीतून हाक मारून आणेपर्यंत वन्सं कान लावून थांबायच्या. प्रत्येक कॉलचं तिकीट, म्हणजे एक चिठ्ठी. किती वाजता नोंदला, किती वाजता लागला, कधी संपला. माझी डायरी आणि त्यांची तिकिटं, यावरूनच आमचं जमलं.

त्यांचे दोन नियम होते. एक, लाईन जोडली की ऐकायचं नाही. १९७६ साली त्यांना बघून गेलेल्या साताऱ्याच्या मंडळींचा नकार फोनवर आला. तो कॉल खुद्द वन्संनीच जोडून दिला. संध्याकाळी रत्नागिरीच्या बिऱ्हाडी आल्या तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. "काय झालं?" असं त्यांनी इतकं मनापासून विचारलं की सासूबाईंना रडू फुटलं. कळल्यावर वन्सं म्हणाल्या, "तीन मिनिटं व्हायच्या आत नाही म्हणाले. सुटसुटीत माणसं होती." आणि जेवायला बसल्या. पुढे लग्नाचा विषय त्यांनी काढू दिला नाही.

दुसरा नियम, दोन्ही बाजू 'ठेवतो' म्हणत नाहीत तोवर लाईन तोडायची नाही.

पुढे घरबसल्या नंबर फिरवायची सोय आली आणि एका शनिवारी ते सगळे बोर्ड उचलून नेले. वन्सं सोमवारी कामावर गेल्या तर भिंतीवर नुसते खिळे. त्यांना तक्रारीच्या टेबलावर बसवलं. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं. म्हणाल्या, "पुन्हा एखादं यंत्र मला न विचारता आलं तर निदान त्याचं पोट कुठे आहे ते मला माहीत पाहिजे."

तर त्या सोमवारी दुपारी यंत्राचं पोट उघडलं. आतून गवताच्या सात काड्या निघाल्या. मी त्या डायरीत चिकटवल्या आहेत. मग मुंग्या निघाल्या. तांबड्या, शिस्तीत, एफ आणि जी यांच्या मधल्या फटीतून. आंब्याचा रस आत उतरला होता. वन्सं मऊ कुंचल्याने एकेक कळ झाडत होत्या, मी मुंग्यांना साखरेची रेघ ओढून खिडकीकडे नेत होते आणि भाऊजी मागे उभे राहून "अगं हळू, हळू," करत होते.

"मुंग्यांना म्हणतोयस की मला?"

"दोघींना."

मला हसू आवरेना. वन्संना आवरेना. शेवटी भाऊजींनाही फुटलं आणि खोलीत हापूसचा वास इतका कोंदला होता की आम्ही तिघं म्हाताऱ्या माकडांसारखी टेबलाभोवती डुलत होतो.

आवरल्यावर वन्संनी भावाला समजावलं. "हे बघ. घर शाबूत आहे, पण कारभाऱ्याला उष्माघात झालाय. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कारभारी. नवा नेमायला हवा. नवा येतो तो पहिल्यांदा सगळं घर झाडून रिकामं करतो. म्हणून आपण आधी मागच्या दाराने आत जायचं, तुझं सामान उचलायचं, आणि मग त्याला पुढच्या दाराने आणायचं."

मागचं दार म्हणजे त्यांच्याकडचा एक पेन ड्राईव्ह. त्याच्यावरून लॅपटॉप सुरू होतो आणि आतल्या डिस्कला धक्का न लावता डोकावता येतं. मंगळवारी सकाळी नऊ वाजता वन्संनी तो लावला, पहिल्या तिकिटावर वेळ घातली आणि आत शिरल्या. फोटो निघाले. लग्नांच्या पत्रिका निघाल्या. पत्त्यांच्या एका खेळात भाऊजींनी दोन हजारांवर डाव जिंकल्याचं निघालं, त्यावर त्यांनी पंख्याकडे बघितलं. आणि यादी निघाली.

भाऊजींनी हात जोडले.

वन्सं मात्र पडद्याजवळ गेल्या. "भास्कर, तुझी झाडं किती?"

"एकशे सत्त्याऐंशी."

"इथे एकशे एक्केचाळीस आहेत. तारीख ९ सप्टेंबर."

९ सप्टेंबर म्हणजे गणपतीत आम्ही गावी होतो तेव्हा. त्या दिवशी वन्संनीच ती यादी सेव्ह करून दिली होती.

"त्यानंतर सेव्ह कधी केलीस?"

"सेव्ह कशाला करायची? उघडीच होती. मी रोज झाकण उघडायचो, यादी समोर. दोन झाडं घालायचो, झाकण लावायचो. सहा वर्षं ती माझ्यासमोर उघडी आहे."

गणपतीनंतरची शेहेचाळीस झाडं लॅपटॉपात कधी ठेवलीच गेली नव्हती. वन्संनी सगळे कोपरे शोधले. एक अर्धवट फाईल सापडली, तिच्यातून नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. साडेअकरापर्यंत त्यांची आठ तिकिटं भरली आणि आठव्यावर त्यांनी लिहिलं, 'उत्तर नाही.'

"मग नको पुसूस," भाऊजी म्हणाले. "असतील आत कुठेतरी. दिसत नाहीत एवढंच."

"नाहीत रे."

"तुला काय माहीत? तू झाडू नकोस म्हणतो ना!"

वन्सं नवीन पेन ड्राईव्ह हातात धरून बसून राहिल्या. तो लावून दोन कळा दाबल्या असत्या तर काम सुरू झालं असतं, पण त्यांनी दाबल्या नाहीत. मी पानं वाढली. डाळिंब्यांची उसळ होती. भाऊजी जेवले, हात धुतले, पुन्हा लॅपटॉपपुढे बसले, त्याच्यावरून एकदा हात फिरवला. बोटाला मुंगी चावली.

"ठेव," ते म्हणाले.

"नक्की?"

"ठेव गं. फोन ठेवतात तसा ठेवला मी."

एक वाजून बावन्न मिनिटांनी वन्संनी जुनी डिस्क पुसायला घेतली.

यानंतर माझ्यामुळे एक तास गेला, हे कबूल केलं पाहिजे. पडद्यावर करारपत्र आलं, बारीक इंग्रजीत, आणि खाली 'मान्य आहे'चा चौकोन. वन्सं त्यावर टिचकी मारणार इतक्यात मी त्यांचा हात धरला. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हाला सातवीत शपथ घालून सांगितलं होतं की वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. मी लग्नाच्या नोंदणीचा कागदसुद्धा मागून-पुढून वाचला होता, तेव्हा आमचे हे नोंदणी कचेरीच्या बाहेर जाऊन दोन चहा पिऊन आले होते.

"वहिनी, हे जगात कुणी वाचत नाही," वन्सं म्हणाल्या.

"म्हणूनच जगाचं असं झालंय. सरका."

मी मोठ्याने वाचलं. पहिल्या पानाला भाऊजी झोपले. तिसऱ्याला वन्संनी भाजी निवडायला घेतली. एक तास दहा मिनिटांनी मी शेवटाला आले आणि चष्मा काढला.

"वन्सं, यात असं म्हटलंय की काहीही झालं, काहीही हरवलं, तरी ते जबाबदार नाहीत. मग जबाबदार कोण?"

"मी," वन्सं म्हणाल्या आणि टिचकी मारली.

नव्या कारभाऱ्याने मग चौकशी सुरू केली. देश कुठला, भाषा कुठली, घड्याळ कुठलं. लॅपटॉपचं नाव काय ठेवायचं, यावर वन्संनी कुणाला न विचारता 'अढी' असं टाकलं. पासवर्ड विसरल्यास विचारायचा गुपित प्रश्न आला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय. यावरून भावा-बहिणीत जुंपली.

"मोत्या."

"मोत्या नंतरचा. आधी खंड्या."

"खंड्या आपला नव्हताच, तो रावजीचा. आपल्याकडे फक्त जेवायला यायचा."

"जेवायला येणारा तो आपला."

शेवटी मी म्हटलं, मांजर धरा. मांजराबद्दल मतभेद नव्हता.

सहा वाजता लॅपटॉप सुरू झाला. निळा, स्वच्छ, रिकामा. वास तेवढा जुना. वन्संनी एकशे एक्केचाळीस झाडं परत आत ठेवली आणि भाऊजींना पूर्ण बंद करायला लावलं. मग उघडायला लावलं. मग पुन्हा बंद. असं पाच वेळा, गुरुजी मुंज झालेल्या मुलाकडून संध्या करून घेतात तसं.

पण शेहेचाळीस झाडं नव्हतीच. रात्री भाऊजी न जेवता आडवे झाले. मी माझ्या डायऱ्या काढल्या. ते अधूनमधून फोन करून सांगत असत, वहिनी, आज अमुक मिळाला. सप्टेंबर ते एप्रिल चाळले, नऊ सापडले. १४ जानेवारीला 'चोर आंबा (पानांत लपतो)', ४ मार्चला 'सुईणीचा'. नऊ म्हणजे नऊ.

बुधवारी अक्षय्य तृतीया होती. मी पूजा आटोपून आले तर वन्सं टेबलाशी बसलेल्या. कानात मोबाईलची वायर, समोर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पेन्सिलीला टोक काढलेलं. असं बसलेलं मी त्यांना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भास्कर, झाडं तुझ्या डोक्यातून गेली असतील. गावाच्या नाही गेली. वहिनी, तू टाईप कर. तुझं स्पेलिंग बरं आहे. आणि प्रत्येक झाडानंतर मी म्हणेन तेव्हा सेव्ह करायचं. आज जे करू ते अक्षय, तेव्हा आजच सेव्ह करा." आणि मग वेगळ्याच आवाजात, थंड, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं करून: "हॅलो. रत्नागिरी. रावजी आहेत का?"

रावजी म्हणजे खालच्या वाडीतले, जन्मभर ट्रॉलरवर होते, आता गुडघ्यांमुळे ओटीवर असतात.

"कोन? मालूताय? अगो, तुजा आवाज अजून तसाच!"

"बोला, लाईन चालू आहे. तुमच्या घरापासून खाडीपर्यंत रायवळ किती? एकेक सांगा."

रावजींनी बारा सांगितली. प्रत्येक नावाला वन्सं "सेव्ह!" म्हणत आणि मी कळ दाबे. पाचव्या झाडापासून पलीकडून रावजीही "सेव्ह!" म्हणायला लागले. पुढची धाकूकाकांना माहीत, असं कळलं. धाकूकाका जुन्या पोस्टात टपाल वाटायचे, वय शहाऐंशी, बैलांना पाणी पाजायला गेलेले.

"पीपी धरते," वन्सं म्हणाल्या. "आणा बोलावून."

रावजींच्या नातसुनेने बांधावरून हाक मारली. ती हाक आम्हाला रत्नागिरीत स्पष्ट ऐकू आली. नऊ मिनिटांनी धाकूकाका दुसऱ्या मोबाईलवर आले, वन्संनी दोन्ही लाईनी एकत्र जोडल्या आणि तिथे भांडण पेटलं.

"विहिरीवरचा तो रडका," रावजी म्हणाले.

"रडका तुजा आजा! तो भटाचा. रडका शाळेजवळ."

"शाळेजवळ मास्तर हाय!"

"मास्तर पडला चौऱ्याणवच्या वाऱ्यात!"

"अजून उबा हाय, माज्या टकुऱ्यात पडलाय गेल्या साली आंबा!"

"एका वेळी एक," ऑपरेटर म्हणाल्या. "रावजी, थांबा. धाकूकाका, बोला." मग, "धाकूकाका, थांबा. रावजी, बोला." भाऊजी आता उठून बसले होते. दोघांचं ऐकता ऐकता त्यांना आपोआप आठवायला लागलं. "अगं हो, भटाचाच! घेर आठ फूट! त्याच्या पलीकडे गोटी!" ते खोलीत येरझारा घालत झाडं ओरडत होते, वन्सं चिठ्ठ्या उडवत होत्या, मी टाईप करत होते आणि "सेव्ह!"चा गजर चार तोंडांतून होत होता. खालच्या मजल्यावरची रेणुका काय झालं ते बघायला वर आली आणि तीही दोनदा सेव्ह म्हणून गेली.

दुपारी एकपर्यंत नऊ आणि पस्तीस, चव्वेचाळीस झाली. दोन झाडं कुणालाच आठवेनात. ती अजूनही आठवलेली नाहीत.

मग वन्संनी वरच्या वाडीला, बौद्धवाडीला फोन लावला. प्रभावतीबाईंना. त्या गावच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या, रावजींच्या मुलांना आणि नातवंडांनाही त्यांनीच शिकवलं.

"मालिनीताई, लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "विहारापासून सुरू करते, उजवीकडून. नाव, जागा, चव, याच क्रमाने. अकरा आहेत."

भाऊजी मधेच म्हणाले, "प्रभावतीबाई, यातलं एकही माझ्याकडे नव्हतं."

"कसं असेल, भास्करराव? सहा वर्षांत आमच्या वाडीत झाडं मोजायला तुम्ही आलातच कुठे?"

भाऊजींचे कान लाल झाले. मग म्हणाले, "चुकलं. शुक्रवारी येतो. चवी घ्यायला."

"या. चहा ठेवते. पण वही घेऊन या, ते झाकणवालं नको." इतक्यात झाकणवाल्याची बातमी तिथवर पोचली होती. "हं, मालिनीताई, पहिलं झाड. नाव दुधाळ."

अकरा झाडं सांगून होईपर्यंत कुणी मधे बोललं नाही. सेव्हसुद्धा हळू आवाजात झालं. एकशे शहाण्णव.

वन्सं गठ्ठा सारखा करत होत्या तेव्हा धाकूकाकांचा फोन आला. त्यांना काहीतरी आठवलं होतं.

"मालूताय, तो हॅलो आंबा घेतलास काय?"

"कुठला?"

"हॅलो आंबा गो. पोस्टाच्या मागला. तेव्हा गावात फोन एकच, पोस्टात. मुंबैवाल्यांचा कॉल यायचा म्हंजे आक्की वाडी त्या झाडाखाली येऊन बसायची, चार चार तास. मी खिडकीतून हाक मारायचा, कुनाची पीपी ती. मानूस आत धावायचा आनि हॅलो हॅलो करून वरडायचा. पोरं झाडाखाली बसून तसाच वरडायची. म्हनून हॅलो आंबा. आनि आदी तुजा आवाज यायचा ना, 'रत्नागिरी, बोला' म्हनून? तो आयकला की आमी म्हनायचे, आली गो बाय, आता लागतली लाईन."

वन्संची पेन्सिल तशीच राहिली. त्या झाडाखालून दरवर्षी गेल्या असतील. ऐकायचं नाही हा नियम त्यांनी इतका पाळला होता की पलीकडच्या टोकाला कोण बसलंय, कशाखाली बसलंय, हे त्यांच्या कधी कानावर आलं नव्हतं.

"भास्कर, हे झाड तू घेतलं नव्हतंस?"

"पोस्टाच्या मागचं? ते रोजचंच... त्याला नाव आहे हे मला कुठे माहीत!" मग भाऊजी एकदम खुर्चीवरून उठले. "मालूताई, रस्ता तिथूनच रुंद होणार आहे. पहिलं झाड तेच जाईल!"

"लिही, वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाज ऑपरेटरचा राहिला नव्हता. "हॅलो आंबा. पोस्टामागे. धाकूकाका, चव?"

"आंबट ढान! दात निगतील हातात."

"लोणच्याला बरा, लिहू का?" मी म्हटलं. मला वाटलं, ठरावासाठी जरा चांगलं दिसेल.

"नाही. आंबट, असंच लिही." त्यांनी पदराने नाक पुसलं. "सेव्ह."

एकशे सत्त्याण्णव.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने भाऊजी गेले. लॅपटॉप पूर्ण बंद करून. शिवाय खिशात पेन ड्राईव्ह, पिशवीत छापील प्रत, आणि वाळवीची पर्वा न करता माझ्या हातची एक. ग्रामसभा अकराला होती. अकरापासून वन्सं टेबलाशी बसून होत्या, वायर कानात. मी दोनदा जेवायला बोलावलं. म्हणाल्या, कॉल नोंदलेला आहे.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी फोन वाजला. इतका आरडाओरडा की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "हॅलो! हॅलो! हॅलो!" नुसते भाऊजी नव्हते, मागे वीस-पंचवीस माणसं होती आणि पोरं तर किंचाळत होती.

"रत्नागिरी, बोला," वन्सं म्हणाल्या.

मग दुप्पट गोंगाट. त्यातून भाऊजींचा आवाज आला. "झाला गं ठराव! एकमताने! मी नावं वाचत होतो आणि प्रत्येक नावाला अख्खी सभा सेव्ह म्हणून ओरडत होती, सरपंचसुद्धा! रस्ता पोस्टाच्या पुढून वळणार. आम्ही सगळे झाडाखालीच आहोत. ठेवू?"

"थांब. खाली आंबा पडलाय का एखादा?"

"पडलाय."

"खा."

मग एक असा आवाज आला जो मला अक्षरांत लिहिता येत नाही, आणि पोरांचं हसू.

"आंबट," भाऊजी कसेबसे म्हणाले.

"बरोबर आहे मग," वन्सं म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठीवर वेळ घातली, पण फोन ठेवला नाही. एकेक जण बोलायला येत होता, रावजी, प्रभावतीबाई, धाकूकाका, आणि त्या प्रत्येकाला विचारत होत्या, "हं, आणखी कोण आहे लाईनवर?" कॉल बावन्न मिनिटं चालला. भात मी तीनदा गरम केला.